रानातला मुक्काम : स्काउट-गाइड शिबिरांविषयी वाचकांचे प्रश्न

परीक्षा संपल्या की स्काउट-गाइड पथकांची पावलं मुळशी, भोर, पानशेतच्या बाजूला वळतात. त्याआधी पालकांची, शिक्षकांची आणि खुद्द मुलांची पत्रं येऊ लागतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं अनेकांच्या उपयोगी पडतील अशी इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. शाळेच्या स्काउट पथकाबरोबर मुळशीकडे पाच रात्रींच्या शिबिराला जायचं म्हणतो. माहितीपत्रकात खाटा नाहीत, गरम पाणी नाही, मोबाइल चार्ज करायची सोय नाही, स्वयंपाकही मुलांनीच करायचा असं लिहिलंय. मग पैसे घेऊन सोयी कसल्या देतात? — एक पालक, कोथरूड

तुम्ही लिहिलेल्या गोष्टी नाहीत म्हणून शिबिर वाईट ठरत नाही. ताटं ठेवायची मांडणी, बूट ठेवायचं फडताळ, हात धुवायची जागा हे सगळं मुलं बांबू आणि दोरीनं स्वतः उभं करतात. शिबिराचा अर्धा अभ्यासक्रम तोच आहे. मात्र काही सोयी अशा आहेत की त्या नसतील तर मुलाला पाठवू नका. त्यांची चौकशी फोनवर मोघम करू नका, नेमके आकडे विचारा.

पहिली गोष्ट पाणी. उन्हाळ्यात माणशी रोज चार लिटर प्यायला आणि स्वयंपाक, आंघोळ, भांडी धरून एकूण वीसेक लिटर लागतं. चाळीस जणांचं शिबिर असेल तर रोजचं 800 लिटर झालं. ते कुठून येतं, टाकीत किती मावतं आणि शुद्ध कोण करतं, हे विचारा. विहिरीचं किंवा टँकरचं स्वच्छ दिसणारं पाणी असेल तर 1000 लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. पावडर कोरडी टाकीत टाकायची नसते. आधी थोड्या पाण्यात कालवून पातळ करायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येत नसेल तर त्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. मग कितीही घातली तरी उपयोग नाही. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळावं लागतं, कारण गाळातच क्लोरीन खर्ची पडतो.

दुसरी गोष्ट शौचालय. पक्कं असेल तर उत्तमच. नसेल तर चर खणतात : रुंदी 30 सेंटीमीटर, खोली 90 सेंटीमीटर, पाण्यापासून किमान 30 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. मुलामुलींचे वेगळे, चारी बाजूंनी कनात. खणलेली माती शेजारी ढीग करून ठेवायची आणि तिथेच एक डबडं. प्रत्येकानं आपल्यामागे माती टाकायची. जमिनीपासून 30 सेंटीमीटर उरलं की चर बुजवून धुमसून टाकायचा आणि नवा घ्यायचा. माशा होतात त्या चरामुळे नव्हे, माती टाकण्याच्या आळसामुळे. आणि माशांमागून शिबिरभर जुलाब लागतात.

याशिवाय चार प्रश्न. जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्रभर शिबिरात उभी राहणारी गाडी आहे का? वळीव कोसळला तर मुलांना नेण्यासाठी पक्कं छप्पर कुठे आहे? मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं असतात का, आणि मुलींच्या तंबूंजवळ गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, मुक्कामी असते का? मुलाची औषधं, ॲलर्जी, दमा यांचा लेखी फॉर्म मागतात का? या चारांची उत्तरं चटकन आणि ठाम आली तर खाटेचा विचार सोडून द्या.

प्रश्न : आमच्या शाळेचं पथक पहिल्यांदाच रानात तंबू ठोकणार आहे. जागा निवडताना काय पाहावं? परवानगी कुणाची घ्यायची? — शिक्षक, भोर तालुका

आधी सातबारा पाहा. जमीन खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र घ्या आणि ग्रामपंचायत व पोलीस ठाण्याला पत्र देऊन ठेवा. राखीव वन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय मुक्काम करू नका. भीमाशंकर किंवा ताम्हिणीसारख्या अभयारण्यात तर वन्यजीव विभागाचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत.

देवराईत तंबू टाकू नका. भोर, वेल्हे, मुळशी, जुन्नर या सगळ्या पट्ट्यात देवराया आहेत आणि तिथली वाळकी काटकीसुद्धा न उचलण्याची गावाची रीत आहे. सावली दाट दिसते म्हणून बाहेरची पथकं तिथेच उतरतात आणि गाव दुखावतं. एक सकाळ गावच्या पुजाऱ्याबरोबर मुलांना देवराई दाखवून आणा, मुक्काम बाहेर करा.

आता जागा. सौम्य उतार हवा, म्हणजे पाणी साचत नाही. कोरडा ओढा सपाट आणि वाळूचा असल्यानं मोह पडतो, पण वळवाचा पाऊस वर डोंगरात पडला तरी लोंढा खाली येतो. एकट्या उंच झाडाखाली विजेचा धोका. वाळक्या फांद्यांखाली वाऱ्याचा. माथ्यावर नजर टाकून आग्या मोहोळ आहे का पाहा. असेल तर ती जागा सोडा. बिब्ब्याचं झाड ओळखून घ्या, त्याचा चीक लागला की कातडीवर फोड येतात. खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगा वेलीवर लोंबत असतील तर तो भाग दोरी लावून बंद करा. तिची लव अंगाला लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून काढायची आणि मग धुवायचं.

जमिनीचा पोतही पाहा. मुरमात खुंटी बसायला मोगरीचे वीस घाव लागतात, पण मग ती हलत नाही. काळ्या मातीत दोन घावांत बसते आणि पहिल्या पावसात उपटून येते. तिथे लांब खुंट्या वापरा किंवा खुंटीवर मोठा दगड ठेवा. खुंटी जमिनीत तिरपी जाते, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं, साधारण 45 अंशांत. सरळ उभी ठोकली तर तणावा, म्हणजे तंबू ताणून धरणारी दोरी, तिला वर ओढून काढतो.

सुती तणावे भिजले की आखडतात. पाऊस सुरू होताच प्रत्येक संघानं, म्हणजे पथकातल्या सहा-आठ मुलांच्या गटानं, आपले तणावे बोटभर सैल करायचे, नाहीतर खुंट्या उपटतात किंवा कापडाचे कोपरे फाटतात. ऊन पडलं की पुन्हा ताणायचे. भिजलेल्या कॅनव्हासला आतून बोट लावू नका, टेकलेल्या जागेतून पाणी ठिबकू लागतं. शेवटच्या दिवशी दव वाळेपर्यंत तंबू गुंडाळू नका. ओलसर गुंडाळलेल्या कापडाला आठवडाभरात बुरशी धरते.

विजेसाठी एक सोय आपल्याच पुण्यानं केली आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडत असल्याचा इशारा देतं. पण रानात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा मोजणी शिकवा. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांहून कमी अंतर आलं की सगळे पक्क्या छपराखाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर पडायचं नाही.

प्रश्न : ध्वजारोहणाला दोरी ओढली आणि झेंडा उघडलाच नाही. सगळ्या शिबिरासमोर पुन्हा उतरवावा लागला. घडी कशी घालावी? — संघनायक, इयत्ता नववी, हडपसर

याचं कारण दहापैकी नऊ वेळा एकच असतं : दोरीचा पदर खोचण्याऐवजी कुणीतरी गाठ मारलेली असते.

घडी अशी घाल. दोघांनी झेंडा आडवा ताणून धरायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही. लांबीत एकदा दुमडायचा, पुन्हा एकदा दुमडायचा, म्हणजे अरुंद पट्टा होतो. आता दोरीपासून लांबच्या टोकाकडून सुरुवात करून वीतभर रुंदीच्या उलटसुलट घड्या घालत दोरीच्या कडेपर्यंत यायचं. गुंडाळी करायची नाही. गुंडाळलेला झेंडा वर जाऊन पिळासारखा लोंबतो, उलटसुलट घडी मात्र आपोआप सुटते. मग झेंड्याच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेली दोरी घडीभोवती एकदा, फार तर दोनदा फिरवायची. त्याच दोरीचा दुहेरी पदर करून तो वेढ्याखालून जेमतेम दोन बोटं बाहेर येईल इतका खोचायचा. टोक खोचायचं नाही, दुहेरी पदरच. खालून दोरी ओढली की हा पदर सरकून बाहेर येतो आणि वेढा मोकळा होतो.

न उघडण्याची बाकी कारणं : वेढे तीन-चार झाले; पदर फार लांब खोचला; वरची दोरी खोचली; किंवा आत फुलांच्या पाकळ्या भरपूर भरल्यानं घडी फुगून वेढा आवळला. मूठभर पाकळ्या पुरेत. रात्री दोरी भिजली असेल तर ती फुगते आणि सरकत नाही, म्हणून दोरी संध्याकाळी काढून तंबूत ठेव.

काठीही तपास. दोरी काठीच्या उंचीच्या दुप्पट आणि वर मीटरभर लांब हवी. कप्पीच्या खाचेपेक्षा दोरी बारीक असेल तर ती खाचेतून निसटून बाजूला अडकते. बांबू जोडून काठी केली असेल तर जोडावर एकावर एक किमान 60 सेंटीमीटर घ्या आणि तिथे दोन ठिकाणी बांधा. तणावे तीन, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. चार तणाव्यांत एक हमखास ढिला राहतो, तिघांत ताण आपोआप वाटला जातो.

सकाळच्या कार्यक्रमाआधी अर्धा तास एकदा पूर्ण रंगीत तालीम कर. राष्ट्रध्वज असेल तर केशरी पट्टा वर येतोय ना, हे त्याच वेळी बघ.

प्रश्न : स्काउट डाव्या हातानं हस्तांदोलन का करतात? आजी म्हणते डावा हात पुढे करू नये. — इयत्ता सहावी, सदाशिव पेठ

आजीचं म्हणणं घरच्या रीतीप्रमाणे बरोबरच आहे. प्रसादाला, देण्याघेण्याला आपण उजवाच हात पुढे करतो. स्काउटिंगमधली रीत वेगळ्या मुलखातून आली. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्याशी जोडून अशी गोष्ट सांगितली जाते की पश्चिम आफ्रिकेतल्या अशांती योद्ध्यांच्या डाव्या हातात ढाल असे. ढाल खाली ठेवून डावा हात पुढे करणं म्हणजे 'माझा तुझ्यावर विश्वास आहे, मला तुझ्यापासून बचावाची गरज नाही' असं सांगणं. जगभरचे स्काउट आणि गाइड एकमेकांना याच हातानं भेटतात. आजीला ही गोष्ट सांग आणि नमस्कार मात्र दोन्ही हातांनी कर.

प्रश्न : शेकोटीशिवाय शिबिर कसलं? पण मे महिन्यात रानात आग लावणं योग्य आहे का? आणि जुन्या शेकोटीची राख नव्या शेकोटीत घालतात म्हणे, ती प्रथा काय आहे? — रोव्हर, पिंपरी

राखीव वनात मनाला येईल तेव्हा आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. आपल्याकडे फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत वणव्याचे दिवस असतात. डोंगरउतारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि दुपारनंतर वारा सुटतो. तेव्हा राखीव वनात शेकोटी नाही, हे पक्कं. खासगी जागेतही गवताळ उतार जवळ असेल तर नको. मधोमध कंदील किंवा सौरदिवा ठेवून सगळा कार्यक्रम तसाच करता येतो. मुलांचा हिरमोड होतो खरा, पण वणव्यात जळालेली पाखरांची घरटी त्यांनी एकदा पाहिली तर ती पुन्हा आग्रह धरणार नाहीत.

जिथे परवानगी आहे आणि जागा उघडी आहे तिथे असं करा. तीन मीटर त्रिज्येचं वर्तुळ खुरप्यानं मातीपर्यंत साफ करा. वर डोक्यावर झुकलेली फांदी नको. दोन बादल्या पाणी, दोन बादल्या माती आणि हिरव्या डहाळ्यांचा एक झोडपा हाताशी, आणि या तिन्हीवर नेमलेले दोन जण. ते गाणी म्हणणार नाहीत, आगीकडेच बघणार.

रचना चौकटीची चांगली. हातभर लांबीची दोन जाड लाकडं समांतर ठेवा, त्यांवर आडवी दोन, असं वर वर बारीक होत गुडघ्यापर्यंत न्या. पोटात काटक्यांचा उभा शंकू आणि त्याच्या तळाशी ढलप्या. वारा येतो त्या बाजूला मूठ जाईल एवढं तोंड ठेवा आणि तिथूनच पेटवा. चौकट कोसळते ती आतल्या आत, बाहेर गडगडत नाही. हाच तिचा फायदा. रॉकेल नको. भडका क्षणभर होतो, लाकूड पेटत नाही आणि पेटवणाऱ्याच्या भुवया जातात. काटक्या पेटत नसतील तर त्या ओल्या आहेत किंवा फार दाट रचल्या आहेत. फुंकणीपेक्षा दोन काटक्या काढून टाकल्यानं जास्त काम होतं.

दगड मांडायचे तर ओढ्यातले घेऊ नका. त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

कार्यक्रमाचा क्रम ज्वाळेबरोबर चालतो. ज्वाळा उंच असते तेव्हा टाळ्या, आरोळ्या, सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी. ती बसू लागली की संघांच्या नाटुकल्या. निखारे उरले की संथ गाणी, वडीलधाऱ्यांचे दोन शब्द, प्रार्थना, आणि मग न बोलता तंबूकडे. निखाऱ्यांच्या वेळी विनोदी नाटुकलं ठेवलं की मुलं रात्री बारापर्यंत झोपत नाहीत, हे नव्या स्काउट मास्तरांनी लक्षात घ्यावं.

विझवताना पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू राखेवर धरून ऊब लागते का पाहा. लागली तर पुन्हा तेच. नुसती माती लोटून झाकलेला निखारा रात्रभर जिवंत राहतो.

राखेची प्रथा जगभरच्या स्काउटांत आहे. शेकोटीची मूठभर राख जपून ठेवतात आणि पुढच्या शिबिराच्या शेकोटीत, ती पेटवण्याआधी, लाकडांवर टाकतात. नंतर सगळ्यांची मिळून झालेली राख सहभागी पथकं वाटून घेतात. त्यामुळे एका चिमटीत कितीतरी शेकोट्या असतात. ही राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण गार झाल्यावरच घ्या. चाळून, पत्र्याच्या डबीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. डबीत चिठ्ठी हवी : कुठलं शिबिर, कोणती तारीख, आधीची राख कुठून आली. चिठ्ठी नसेल तर ती नुसती राखच. सौरदिव्याच्या शेकोटीतही डबी मधोमध ठेवून चिठ्ठी वाचून दाखवता येते.

प्रश्न : बांबूचं फडताळ संध्याकाळी घट्ट असतं, सकाळी डुलतं. स्क्वेअर लॅशिंग (उभ्या-आडव्या बांबूंची काटकोनातली बांधणी) नीट केलेलं असूनही. — गाइड, सिंहगड रस्ता

बांबू ओला होता का? ताजा तोडलेला बांबू वाळताना बारीक होतो आणि दोरी सैल पडते. महिनाभर वाळलेला बांबू घ्या. दुसरं, नायलॉनची दोरी बांबूच्या गुळगुळीत सालीवर सरकते आणि ताणली जाते. काथ्या किंवा सुती दोरी घ्या. तिसरं, उभ्या बांबूवर आडव्याच्या खाली खुंटगाठ, म्हणजे तुम्ही जिला क्लोव्ह हिच म्हणता ती, मारून सुरुवात करायची, तीन पूर्ण फेरे घ्यायचे, मग दोन्ही बांबूंच्या मधून दोन-तीन आवळफेरे. सैलपणा बहुतेक या आवळफेऱ्यांत असतो. हातानं नव्हे, काठीला दोरी गुंडाळून पाय रोवून ओढा. शेवटची गाठ आडव्या बांबूवर. चार-पाच सेंटीमीटर जाडीच्या बांबूंना तुमची नेहमीची तीन मीटरची दोरी पुरते. आणि चौकटीला एक तिरपा बांबू लावा. त्याशिवाय कितीही घट्ट बांधलेला चौकोन डुलतोच.

प्रश्न : आठ जणांच्या संघाला किती शिधा काढून द्यावा? भांड्याविना स्वयंपाकात बटाट्याखेरीज काय करता येईल? — गाइड कॅप्टन, कसबा पेठ

शिबिरातली मुलं घरच्यापेक्षा दीडपट जेवतात, हे धरून आकडे देतो. सकाळचे पोहे 600 ग्रॅम, कांदे चार, दाणे 100 ग्रॅम, तेल 80 मिलीलिटर. दुपारी तांदूळ 600 ग्रॅम, तूरडाळ 300 ग्रॅम, भाजी सव्वा किलो. रात्री खिचडी : तांदूळ 600, मूगडाळ 300, पाणी तीन लिटर. चुलीवर वाफ जास्त जाते, म्हणून पाणी घरच्या मापापेक्षा अधिक. ताक आणि कोकमाचं सरबत रोज. शिधा संघनायिकेच्या हाती सकाळीच मोजून द्या आणि पुन्हा देऊ नका, म्हणजे वाटणी करायला त्या आपोआप शिकतात.

खिचडी करपते ती ज्वाळेवर शिजवल्यामुळे. उकळी येईपर्यंत ज्वाळा, मग लाकडं ओढून घेऊन निखाऱ्यावर. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा हात फिरवला की काजळी मातीबरोबर निघून जाते. खरकटं पाणी शोषखड्ड्यात. तोंडावर वाळक्या गवताचा थर ठेवून तो रोज बदला, तेलकटपणा त्यात अडकतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी खड्डा पाणी पीत नाही.

भांड्याविना करायचे पदार्थ आपल्या घरांतच आहेत. पानगी करा. तांदळाचं पीठ, मीठ, पाणी सरसरीत कालवून केळीच्या पानावर पातळ पसरा, वर दुसरं पान, बाहेरून आणखी एक ओलं पान, आणि पसरट निखाऱ्यांवर. बाहेरचं पान काळं पडलं की उलटा. पीठ जाड पसरलं तर आत कच्चं राहतं. विदर्भातले रोडगे करा. जाडसर कणकेचे घट्ट गोळे निखाऱ्यांच्या राखेत पाऊण तास, मधूनमधून फिरवत. वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर फुटतं. बटाट्यावर बोटभर मातीचा लेप द्या, पाऊण तासानं माती फोडली की साल मातीबरोबर निघते. यातलं काहीही आत कच्चं राहू नये म्हणून निखारे भरपूर हवेत. नुसती गरम राख पुरत नाही, बहुतेक संघांची फसगत तिथेच होते.

प्रश्न : सापाविंचवाची भीती वाटते. नेमकं काय करावं? — पालक, बिबवेवाडी

रात्री अनवाणी चालायचं नाही, टॉर्चशिवाय बाहेर पडायचं नाही, बूट घालण्याआधी झटकायचे, तंबूत खाऊ ठेवायचा नाही. खाऊला उंदीर येतात, उंदरांमागे साप. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि त्याचा दंश दुखतही नाही, खूणही दिसेलच असं नाही. म्हणून पहाटे एखादं मूल पोट दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणून उठलं तर अपचन समजून ओवा देत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

दंश झाला तर मुलाला आडवं करा, धीर द्या, अंगठी-कडं काढा, तो अवयव फळीला बांधून हलू देऊ नका, वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन करा. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, सापाला मारून सोबत नेणं, यातलं काहीही करू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, साप ओळखण्यात वेळ घालवायची गरज नाही. ते प्रतिविष जवळच्या रुग्णालयात आहे का, हे शिबिराच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन विचारून यायचं असतं.

लाल विंचवाचा दंशही मुलांना घातक ठरू शकतो. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की घरगुती उपाय नकोत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाचे मृत्यू खूप घटले, पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं असतं. आग्या माश्या उठल्या तर तोंड झाकून सरळ लांब पळा, हात हलवू नका, पाण्यात उडी मारू नका. काटे नखानं लगेच खरवडून काढा.

बिबट्या दिसला किंवा वणवा दिसला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक संघनायकांच्या वहीत लिहिलेला हवा.

प्रश्न : काठीच्या सावलीवरून दिशा काढली. दुपारी सावली उत्तरेला पडते असं शिकवलं होतं, पण आमची उलटी आली. कुणाचं चुकलं? — स्काउट, वारजे

कुणाचंच नाही. तुझं शिबिर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात झालं असणार. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. 13-14 मेच्या सुमारास दुपारी 12 वाजून 31 मिनिटांच्या आसपास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. 'दुपारची सावली उत्तरेला' हा नियम थंड मुलखातल्या पुस्तकांतून आला आहे. मनगटी घड्याळाच्या काट्यावरून दिशा काढण्याची युक्तीही याच कारणानं आपल्याकडे उन्हाळ्यात फसते.

बिनचूक रीत अशी. सपाट जागेवर काठी ओळंब्यात उभी कर. सकाळी नऊच्या सुमारास सावलीच्या टोकावर खडा ठेव आणि काठीपासून तेवढ्याच अंतराची दोरी घेऊन वर्तुळ आख. दुपारनंतर, चारच्या आसपास, सावलीचं टोक पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल, तिथे दुसरा खडा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. कोणत्याही महिन्यात.

रात्री ध्रुव पुण्यात क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश, म्हणजे दोन मुठींहून थोडा खाली. मुलं तो फार वर शोधतात. मे महिन्यात संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच असतात, त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ पाचपट लांबव. पण उत्तरेला डोंगर असेल तर ध्रुव त्यामागे जातो, म्हणून तंबूची जागा ठरली त्याच रात्री उत्तरेचं क्षितिज मोकळं आहे का ते पाहून ठेव.

प्रश्न : मुलींसाठी पुण्यात असं काही केंद्र आहे का? — गाइडची आई, विश्रांतवाडी

तुमच्या अगदी जवळ आहे. आळंदी रस्त्यावरचं 'संगम' हे गर्ल गाइड आणि गर्ल स्काउट यांच्या जागतिक संघटनेच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक. 16 ऑक्टोबर 1966 रोजी बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ओलेव्ह यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. देशोदेशीच्या गाइड तिथे मुक्कामाला येतात. मुलीच्या गाइड कॅप्टनमार्फत विचारणा करा, वैयक्तिक जाण्यापेक्षा कंपनीनं, म्हणजे गाइडच्या पथकानं, मिळून जाणं सोपं पडतं.

प्रश्न : सगळी मुलं एकत्र ठेवली तर देखरेख सोपी. मग सहा-आठ जणांचे संघ कशाला? — मुख्याध्यापिका, हवेली तालुका

1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा वीसेक मुलांचेही चार संघ केले होते. चाळीस जणांत पाणी भरायचं काम 'कुणीतरी' करतं, म्हणजे दोघंच करतात आणि बाकीचे उभे राहतात. आठ जणांत कोण नाही आलं ते लगेच कळतं. पाणी, स्वयंपाक, सफाई, ध्वज आणि कार्यक्रम ही कामं रोज संघांत फिरवा, यादी आदल्या संध्याकाळी फलकावर लावा. सकाळच्या तपासणीत गुण व्यक्तीला नव्हे, संघाला द्या. भांडण झालं तर आधी संघनायकांच्या मानसभेत, म्हणजे त्यांच्या आपसातल्या बैठकीत, जाऊ द्या. तिथे मिटलं नाही तरच तुम्ही हात घाला, आणि मानसभा चालू असताना मोठ्यांनी बोलायचं टाळा. देखरेखीचं म्हणाल, तर रात्री मोजणीला तुम्हाला चाळीस डोकी मोजावी लागत नाहीत. पाच संघनायक येऊन 'आठ हजर' असं सांगतात, आणि एक जण 'सात' म्हणाला की टॉर्च कुठल्या तंबूकडे न्यायचा ते कळतं.